बेळगाव सीमाभागात हरित इमारतीचे मानांकन कसे निवडावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा हल्याळच्या बाजूला जो कोणी आज घर, शाळा, दवाखाना अथवा छोटा कारखाना बांधायला काढतो, त्याला इंजिनिअरकडून किंवा बँकेकडून कधी ना कधी विचारले जाते की इमारतीला ‘ग्रीन सर्टिफिकेट’ घेणार का. हे प्रमाणपत्र एकच नसून अनेक संस्थांचे अनेक कार्यक्रम आहेत, त्यांची फी, मोजमाप आणि उपयोग निरनिराळे आहेत, आणि त्यांची बरीचशी माहिती इंग्रजीत असल्यामुळे पहिल्यांदाच बांधकामात पडणाऱ्या माणसाला नेमके काय निवडावे हे उमगत नाही. हा लेख अशा नवख्या वाचकासाठी आहे. यात दिलेल्या पायऱ्या शक्य तो त्याच क्रमाने घ्याव्यात, कारण पुढच्या पायरीचे उत्तर बहुधा मागच्या पायरीवर अवलंबून असते.

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. एसी किंवा फ्रिजवर असलेले तारे हे त्या यंत्राचे असतात. सिमेंट, रंग किंवा विटांवर असलेले ‘ग्रीनप्रो’सारखे चिन्ह त्या मालाचे असते. अशी यंत्रे आणि असा माल वापरल्याने इमारतीला काही गुण मिळू शकतात, पण इमारत त्यामुळे आपोआप प्रमाणित होत नाही. विक्रेते या बाबतीत मोघम बोलतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

पहिली पायरी: प्रमाणपत्र कोण वाचणार आहे, ते ठरवा

कार्यक्रम निवडताना सगळे जण आधी गुणांची तुलना करायला बसतात. माझ्या मते त्याआधी एका कागदावर एवढेच लिहावे की हे प्रमाणपत्र पुढे कोणाच्या हातात जाणार आहे. उद्यमबागेतील एखाद्या कारखान्याचा माल युरोप-अमेरिकेत जात असेल आणि तिथला खरेदीदार पुरवठादाराच्या इमारतीविषयी विचारत असेल, तर त्याला ओळखीचे असलेले नाव लागेल. सरकारी अनुदानातून बांधल्या जाणाऱ्या इमारतीच्या बाबतीत निविदेत किंवा अनुदानाच्या अटींतच कार्यक्रमाचे नाव लिहिलेले असू शकते, आणि तसे असल्यास निवडीचा प्रश्नच उरत नाही. सदनिका विकणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाला ग्राहकाला सहज समजेल असे मानांकन हवे असते. कर्ज हरित गृहवित्ताच्या योजनेतून घ्यायचे असेल, तर ती बँक किंवा वित्तसंस्था कोणते प्रमाणपत्र मान्य करते हे तिच्याकडून लेखी घ्यावे. शाखेतल्या तोंडी आश्वासनावर विसंबून राहू नये.

आणि टिळकवाडीत किंवा हिंडलग्यात स्वतःला राहायला दीड हजार चौरस फुटांचे घर बांधणाऱ्याच्या बाबतीत बऱ्याचदा उत्तर येते की प्रमाणपत्र कोणीच वाचणार नाही. तसे असेल तर ते मोकळेपणाने मान्य करावे. कार्यक्रमाची नियमपुस्तिका समोर ठेवून घर नीट बांधता येते आणि फीचे पैसे चांगल्या खिडक्यांत, छपराच्या उष्णतारोधनात किंवा पावसाच्या पाण्याच्या टाकीत घालता येतात.

दुसरी पायरी: इमारतीचे माप, प्रकार आणि टप्पा लिहून काढा

तीन आकडे किंवा नोंदी जवळ असल्याशिवाय कोणत्याही सल्लागाराला फोन करू नये. पहिली नोंद म्हणजे एकूण बांधीव क्षेत्र, चौरस फूट आणि चौरस मीटर या दोन्ही मापांत. आपल्याकडे बोलणे गुंठे आणि चौरस फुटांत चालते, तर बहुतेक कार्यक्रमांच्या मर्यादा चौरस मीटरमध्ये असतात. 1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट हा हिशेब लक्षात ठेवावा. दुसरी नोंद वापराची: स्वतःचे घर, सदनिकांची इमारत, कार्यालय, शाळा, रुग्णालय की कारखाना. तिसरी नोंद टप्प्याची: नकाशा कागदावर आहे, पाया खणला आहे, की इमारत उभी राहून वापरात आली आहे.

तिसऱ्या नोंदीला सर्वाधिक वजन आहे. नव्या इमारतींच्या कार्यक्रमांत अनेक गुण जागेवरील वरची सुपीक माती राखून ठेवणे, झाडे वाचवणे, बांधकामाच्या वेळी धूळ आणि गाळ आवरणे, इमारतीची दिशा ठरवणे अशा कामांना असतात, आणि ही कामे स्लॅब पडल्यावर मागे जाऊन करता येत नाहीत. पहिला मजला झाल्यावर नोंदणी करणे म्हणजे वरातीमागून घोडे. इमारत आधीच उभी असेल तर नव्या बांधकामाच्या कार्यक्रमाचा नाद सोडून चालू इमारतींसाठी असलेल्या स्वतंत्र कार्यक्रमांकडे वळावे. तिथे विजेची आणि पाण्याची प्रत्यक्ष बिले हाच मुख्य पुरावा असतो. जुन्या दवाखान्याने किंवा कार्यालयाने अशा वेळी मागील वर्षभराची हेस्कॉमची, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीची, बिले आणि पाण्याच्या नोंदी गोळा करण्यापासून सुरुवात करावी.

तिसरी पायरी: चार-पाच नावांची ओळख करून घ्या

भारतात सर्वाधिक ऐकू येणारे नाव आयजीबीसीचे, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचे. उद्योगांच्या सीआयआय या महासंघाच्या पुढाकाराने 2001 साली ही संस्था स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय हैदराबादला आहे. घरे, परवडणारी घरे, नवी इमारत, चालू इमारत, शाळा, रुग्णालय, कारखाना अशा प्रत्येक प्रकारासाठी तिचे वेगळे कार्यक्रम आहेत, आणि पातळ्या सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा चढत्या असतात. स्वतःचे एकटे घर बांधणाऱ्यांसाठी ‘नेस्ट’ नावाचा सोपा कार्यक्रमही तिने काढला आहे. आयजीबीसीच्या पद्धतीत काही अटी सक्तीच्या असतात आणि त्यांना गुण नसतात. घरांच्या कार्यक्रमात पावसाच्या पाण्याची व्यवस्था, कमी पाणी लागणारे नळ व कमोड, खोल्यांत पुरेसा दिवसाचा उजेड, घरातील कचरा वेगळा करण्याची सोय या त्यांपैकी काही. यांतली एक अट हुकली, तरी बाकी कितीही गुण जमवून उपयोग नाही. म्हणून गुणांची बेरीज करण्यापूर्वी सक्तीच्या अटींची यादी वाचावी.

सदनिका घेणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. माहितीपत्रकात ‘प्लॅटिनम प्री-सर्टिफाइड’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ नकाशा आणि संकल्प पाहून दिलेले तात्पुरते मानांकन एवढाच असतो. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम पूर्ण झाल्यावर, कागदपत्रे तपासून मिळते. ताबा घेताना त्याची प्रत मागण्याचा अधिकार ग्राहकाने वापरावा.

दुसरे नाव ग्रिहा. टेरी ही दिल्लीची संशोधन संस्था आणि केंद्राचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून 2007 साली ही भारतीय पद्धत पुढे आणली. इथल्या हवामानात एसीशिवाय चालणाऱ्या इमारतींचा विचार हिच्या मांडणीत पहिल्यापासून आहे, आणि केंद्र सरकारच्या बांधकामांत हिचा वापर जास्त दिसतो. मानांकन ताऱ्यांत असते. 2019 च्या आवृत्तीत 100 पैकी 25 ते 40 गुणांना एक तारा, 41 ते 55 ला दोन, 56 ते 70 ला तीन, 71 ते 85 ला चार आणि 86 पासून पुढे पाच तारे मिळतात. ही मुख्य पद्धत 2,500 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 26,900 चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींसाठी आहे. त्याहून लहान इमारतींसाठी स्वग्रिहा नावाची आटोपशीर पद्धत आहे. तीत 14 निकष, 50 गुण, आणि 25 गुणांपासून ताऱ्यांना सुरुवात. आपल्या भागातील बंगले, लहान शाळा, पतसंस्थांच्या इमारती, डॉक्टरांचे दवाखाने जवळजवळ सगळे या दुसऱ्या मापात बसतात, तरीही सल्लागारांच्या बोलण्यात स्वग्रिहाचे नाव फार क्वचित येते. ते आपण होऊन विचारावे.

लीड ही अमेरिकन पद्धत आहे. हैदराबादच्या सीआयआय–सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला 2003 साली तिचे प्लॅटिनम मिळाले आणि तिथून भारतातील या चळवळीला जोर आला. 110 पैकी 40 गुणांना सर्टिफाइड, 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड, 80 ला प्लॅटिनम. निर्यातदार कारखाने, बहुराष्ट्रीय कंपन्यांना भाड्याने द्यायची कार्यालये यांनाच हिचा खर्च परवडतो आणि शोभतो. त्याखेरीज जागतिक बँक समूहातील आयएफसीची एज ही पद्धत आहे, जी अगदी थेट आहे: त्या भागातील नेहमीच्या बांधकामाच्या तुलनेत वीज, पाणी आणि बांधकाम साहित्यात दडलेली (म्हणजे ते तयार करताना खर्ची पडलेली) ऊर्जा किंवा कार्बन या तिन्हींत किमान 20 टक्के बचत दाखवावी लागते. तिचे संगणकीय साधन मोफत वापरता येते, त्यामुळे प्रमाणपत्र घ्यायचे नसले तरी दोन प्रकारच्या भिंतींपैकी किंवा काचांपैकी कोणती निवडावी हे घरबसल्या पडताळायला ते उपयोगी पडते. नवख्याने पहिला आकडेमोडीचा सराव इथेच करावा असे मी सुचवीन.

केंद्राच्या बीईईचे, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, तारे मुख्यतः वापरात असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आहेत आणि ते दर चौरस मीटरला वर्षभरात किती युनिट वीज लागली यावर मिळतात. वीज सोडून पाणी, कचरा, साहित्य यांचा त्यात विचार नसतो.

चौथी पायरी: सीमेपलीकडचे नियम इकडे आणू नका

हा भाग खास आपल्या वाचकांसाठी. मराठीतली बांधकामविषयक माहिती, जाहिराती, आणि नातेवाइकांचे अनुभव बहुतेक कोल्हापूर, सांगली, पुण्याहून येतात. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनाच्या पातळीनुसार 3, 5 किंवा 7 टक्के जादा चटई क्षेत्र देण्याची तरतूद आहे, आणि पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकेने ग्रिहा मानांकनाला करसवलतीची जोड दिली होती. चंदगड किंवा गडहिंग्लजला बांधणाऱ्याला हे लागू होईल. शिनोळीचा रस्ता ओलांडून अलीकडे आलेल्या भूखंडाला नाही. बेळगाव महापालिका, बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) किंवा आपली पंचायत यांच्याकडे सध्या कोणती सवलत आहे, ती कोणत्या मानांकनाच्या कोणत्या पातळीला आहे, आणि ती नकाशा मंजुरीच्या वेळी मिळते की पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर, हे तीन प्रश्न नकाशा सादर करण्यापूर्वी लेखी विचारावेत. सवलत हिशेबात धरून खर्चाचा अंदाज बांधायचा असेल, तर उत्तर हातात आल्याशिवाय तो बांधू नये.

जे नियम दोन्हीकडे सारखे आहेत तेही लक्षात असू द्यावेत. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. निवासी इमारतींसाठी बीईईने 2018 साली ‘इको निवास संहिता’ काढली, तिचा रोख 500 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 5 गुंठे वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांवर आहे. भिंती आणि खिडक्यांमधून घरात शिरणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा आणि छपरासाठी 1.2 ची मर्यादा (आतबाहेरच्या तापमानातील दर अंश फरकाला, दर चौरस मीटरमागे शिरणारे वॅट) हे तिचे दोन आकडे कोणतेही मानांकन घ्यायचे नसले तरी आर्किटेक्टपुढे ठेवण्यासारखे आहेत. गच्चीवरच्या सौर विजेसाठी 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट वा अधिकला 78,000 रुपये अनुदान ठरले आहे. आपल्याकडे त्याची प्रक्रिया हेस्कॉममार्फत होते. मानांकनातील ऊर्जेचे गुण आणि हे अनुदान एकाच संचावर मिळू शकतात, म्हणून दोन्ही अर्ज एकत्र नियोजित करावेत.

कागदपत्रांची भाषा हाही इथला व्यावहारिक मुद्दा आहे. खाता उतारा, नकाशा मंजुरी, पंचायतीचे पत्र कन्नडमध्ये असते आणि मानांकनाची तपासणी इंग्रजीत चालते. प्रत्येक कागदाचा इंग्रजी अनुवाद आर्किटेक्टच्या सही-शिक्क्यानिशी सुरुवातीलाच करून ठेवला, तर शेवटच्या महिन्यातली धावपळ वाचते.

पाचवी पायरी: आपल्या जागेचे पाणी, ऊन आणि माती यांतून गुण शोधा

कोणत्या कार्यक्रमात आपण सहज बसू, हे जमिनीवर उभे राहिल्यावरच कळते, आणि आपल्या जिल्ह्यात जमीन दर तीस-चाळीस किलोमीटरला बदलते. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पावसाळ्यात आकाश फाटते. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी सुमारे 1,200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला अथणीकडे गेले की तो निम्म्यावर येतो. शहरातील 100 चौरस मीटरच्या गच्चीचा हिशेब करा: 1.2 मीटर पाऊस गुणिले 100 चौरस मीटर, त्यातले 80 टक्के हाती लागले असे धरले, तर वर्षाला 96,000 लिटर पाणी. एवढे पाणी साठवायला कोणी टाकी बांधत नाही, म्हणून ते जमिनीत मुरवण्याचा खड्डा दाखवला जातो आणि नकाशावर गुण मिळाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात खानापूरच्या पश्चिम भागात जुलैत भूजल इतके वर आलेले असते की खड्डा काठोकाठ भरून उभा राहतो, आणि काळ्या मातीच्या शिवारात पाणी मुरायला फार वेळ घेते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद खड्डा घेऊन त्यात पाणी ओतावे आणि ते तासाभरात किती उतरते याची नोंद, तारखेच्या फोटोसह, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात अशी दोनदा करावी. मुरवणे शक्य नसल्याचा असा पुरावा असेल, तर साठवणुकीवर भर देण्याचा पर्याय तपासणाऱ्यापुढे ठामपणे मांडता येतो. अथणी-रायबागकडे याच्या उलट, मोठी टाकी आणि बोअरचे पुनर्भरण दोन्हींना अर्थ आहे.

उन्हाचे गणितही इथले वेगळे आहे. बेळगाव सुमारे 15.9 अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. पाठ्यपुस्तकात उत्तरेच्या खिडकीला छज्जा नको असे सांगितलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात तिलाही थोडी सावली लागते. पश्चिमेची भिंत तर दुहेरी पेचात असते. उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊन आणि पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारी झड, दोन्ही तिच्यावरच आपटतात. पश्चिमेला मोठी काच लावून नंतर महागडी उष्णतारोधक काच घेऊन गुण कमावण्यापेक्षा त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली टाकणे आणि खिडक्या लहान, खोल छज्जाखाली ठेवणे स्वस्त पडते. जुन्या घरांच्या पडव्या हेच काम करीत असत, आणि ग्रिहा, आयजीबीसी दोन्हींमध्ये सावलीच्या अशा आकडेमोडीला मान्यता आहे.

आपले गाव कोणत्या हवामान-गटात येते हे ठरवताना एक सावधगिरी. वर सांगितलेल्या इको निवास संहितेत देश पाच हवामान विभागांत वाटलेला आहे आणि त्यात बेंगळुरू समशीतोष्ण गटात येते. तिथला तयार नकाशा किंवा तिथल्या सल्लागाराची आकडेवारी जशीच्या तशी उचलली, तर उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही चुकू शकते, कारण समशीतोष्ण विभागात ते घराच्या चटई क्षेत्राच्या 12.5 टक्के, तर उष्ण-दमट विभागात 16.66 टक्के आहे. आपले गाव संहितेच्या तक्त्यात कोणत्या विभागात धरले आहे ते स्वतः पाहून नकाशावर लिहून घ्यावे.

छपराच्या बाबतीत पांढऱ्या परावर्तक रंगाला सगळीकडे गुण आहेत. पण इथल्या चार महिन्यांच्या ओलीत गच्चीवर शेवाळ धरते आणि दुसऱ्या वर्षी तो रंग काळवंडतो. पांढऱ्या तुटक्या फरशीची चायना मोझॅक थोडी महाग असली तरी घासून धुता येते आणि टिकते. खानापूरची कौले आणि विटा, जांभा चिरा, गोकाककडचा दगड ही साहित्ये जवळची म्हणून गुणांना पात्र ठरतात. अंतराची मोजणी कार्यक्रमागणिक वेगळी असते, आणि लीडमध्ये ती 160 किलोमीटर असल्याने कोल्हापूर, हुबळी आणि गोवा तिन्ही कक्षेत येतात. राज्याची हद्द या मोजणीत नसते, ही आपल्यासाठी त्यातल्या त्यात सुखाची गोष्ट.

नळांविषयी थोडके सांगतो, कारण इथे पैसे वाया जातात. कमी प्रवाहाच्या नळांचे आकडे 3 बार दाबाला दिलेले असतात, तर गच्चीवरच्या टाकीपासून वरच्या मजल्यावरच्या नळापर्यंत तीन मीटर उंची असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. कागदावर पाण्याची बचत करणारा नळ प्रत्यक्षात एवढी बारीक धार सोडतो की घरातले महिनाभरात त्याची जाळी काढून फेकतात. सगळ्या घराचे नळ घेण्यापूर्वी एक नमुना आणून, बादली आणि घड्याळ लावून, आपल्याच टाकीवर तपासावा.

सहावी पायरी: गुणांचा तक्ता भरून दोन कार्यक्रमांची तुलना करा

आता कुठे गुणांकडे वळायचे. पहिल्या तीन पायऱ्यांनंतर बहुधा दोनच कार्यक्रम शिल्लक राहतात. त्या दोन्हींचे निकष एका वहीत उतरवून प्रत्येकासमोर ‘नक्की’, ‘खर्च केल्यास’, ‘शक्य नाही’ असे तीन रकाने करावेत. ‘नक्की’च्या रकान्यातील बेरीज हव्या असलेल्या पातळीच्या चार-पाच गुण वर असली, तरच त्या पातळीसाठी नोंदणी करावी, कारण तपासणीत काही गुण हमखास कापले जातात. अगदी काठावर असलेल्या गोल्डसाठी धडपडण्यापेक्षा पक्के सिल्व्हर घ्यावे, हे माझे मत.

मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या एखाद्या शिक्षण संस्थेला 1,800 चौरस मीटरची नवी इमारत बांधायची आहे असे समजू. ती ग्रिहाच्या मुख्य पद्धतीत बसत नाही, स्वग्रिहात बसते. आयजीबीसीचा शाळांसाठी स्वतंत्र कार्यक्रमही आहे. वर्गांत एसी नाही, दिवसाच वापर, मोठे मैदान, भरपूर उजेड, मुलांना दाखवता येईल अशी पाण्याची व्यवस्था, एवढ्या गोष्टी तिच्या बाजूने आहेत. देणगीदारांना दाखवण्यापुरते मानांकन हवे असेल तर स्वग्रिहा पुरेसे आहे. शिक्षणात पर्यावरणाचे उपक्रम जोडून त्यालाही दाद मिळवायची असेल तर शाळांच्या कार्यक्रमाकडे पाहावे. फाउंड्रीच्या मालकाचा हिशेब मात्र अगदी वेगळा असतो: त्याची खरी वीज इंडक्शन भट्टीत जाते, आणि शेडच्या मानांकनाने ती कमी होत नाही. खरेदीदाराची अट नसेल, तर त्याने तो पैसा आधी ऊर्जा लेखापरीक्षणावर घालावा.

सातवी पायरी: फी आणि सल्लागार

खर्चाचे तीन भाग असतात आणि अंदाजपत्रकात ते वेगवेगळे लिहून मागावेत: संस्थेची नोंदणी व प्रमाणन फी, जी बहुधा बांधीव क्षेत्रावर ठरते आणि सदस्यांना सवलत असते, सल्लागाराचे मानधन, आणि गुण मिळवण्यासाठी इमारतीत वाढणारा खर्च. फीचे चालू दर संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वतः पाहावेत.

सल्लागाराकडे आयजीबीसी एपी, लीड एपी (एपी म्हणजे त्या संस्थेचा मान्यताप्राप्त व्यावसायिक) किंवा ग्रिहाची व्यावसायिक पात्रता असल्यास उत्तम, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की तो साइटवर किती वेळा येणार. पुण्यात किंवा बेंगळुरूत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा सल्लागार छापील उत्तरे देतो आणि शेवटी कागद मागत बसतो. करारात पाया, प्लिंथ, स्लॅब, फिनिशिंग या टप्प्यांना प्रत्यक्ष भेटी लिहून घ्याव्यात, मानधनाचा शेवटचा हप्ता अंतिम प्रमाणपत्राशी जोडावा, आणि संस्थेच्या खात्याचे लॉगिन मालकाच्या नावाने व ईमेलने असावे. हे शेवटचे कलम विसरल्यामुळे सल्लागार बदलताना अडकलेली मंडळी आपल्याकडे आहेत.

आठवी पायरी: नोंदणी झाल्यावर साइटवर काय ठेवायचे

कामाच्या पहिल्या दिवसापासून साइटवर एक फाइल ठेवावी आणि ती सांभाळण्याची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्यावी. सुपरवायझर आणि कंत्राटदार दोघांवर सोपवली तर ती कोणाचीच राहत नाही. तीत प्रत्येक मालाचे जीएसटी बिल, गाडीचे चलन, सिमेंटमध्ये फ्लाय अॅशचे प्रमाण सांगणारे उत्पादकाचे पत्र, रंगाचे तांत्रिक पत्रक, आणि तारीख दिसणारे फोटो असावेत. वीटभट्टीवरून माल बहुधा कच्च्या चिठ्ठीवर येतो, म्हणून दर ठरवतानाच पक्के बिल आणि भट्टीचा पत्ता असलेले लेटरहेडवरचे पत्र ठरवून घ्यावे. नंतर भट्टीवाला पावसाळ्यात बंद असतो.

फोटोंत कोणत्या गोष्टी याव्यात हे कंत्राटदाराला सुरुवातीलाच समजावावे: बाजूला ढीग करून ताडपत्रीने झाकलेली वरची माती, साइटभोवतीचा पत्र्याचा अडसर, मजुरांसाठी संडास आणि पिण्याचे पाणी, वेगळा केलेला लोखंड-लाकूड-सिमेंटच्या पिशव्यांचा कचरा, छपरावर उष्णतारोधक थर टाकताना त्याची जाडी टेपने मोजलेली. थर प्लास्टरखाली गेल्यावर तो होता हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नसतो.

तपासणीचे प्रश्न साधारणपणे लेखी येतात आणि उत्तराला मुदत असते. त्या मुदतीत आर्किटेक्ट आणि सल्लागार दोघेही उपलब्ध आहेत याची आधी खात्री करावी. ग्रिहाच्या बाबतीत तपासणाऱ्यांच्या प्रत्यक्ष भेटीही होतात, त्यांचा दिवस शक्य असल्यास मुसळधार पावसाच्या आठवड्यांत घेऊ नये, कारण निम्मी साइट ताडपत्रीखाली असते. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यावरील मुदत वाचावी. ग्रिहाचे मानांकन पाच वर्षांचे असते आणि नूतनीकरणाला प्रत्यक्ष वापराची आकडेवारी लागते, म्हणून राहायला गेल्यापासूनच पाण्याच्या मीटरचा आकडा आणि हेस्कॉमच्या बिलावरचे युनिट दर महिन्याला एका वहीत उतरवून ठेवावेत.